बेझलखालून येणारे तांबडे पाणी: स्टीलच्या डायव्ह घड्याळाची पुन्हा पुन्हा अडकणारी कडी

स्टीलच्या डायव्ह घड्याळाची बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, धुतल्यावर चार-आठ दिवस मोकळी फिरते आणि मग पुन्हा जड होते, ब्रशने घासताना तिच्या खालून तांबूस पाणी येते, आणि चेनच्या कड्यांमधला मळ मनगटावर काळपट रेघ सोडतो, अशी ज्यांची तक्रार असेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझ्या घड्याळात ही तक्रार जवळजवळ दीड वर्ष न चुकता परत येत होती. प्रत्येक वेळी मी घड्याळ आधीपेक्षा जास्त वेळ घासत होते आणि प्रत्येक वेळी बेझल आधीपेक्षा लवकर अडकत होती. कारण सापडले तेव्हा कळले की दोष घड्याळात नव्हता आणि नुसत्या धुळीतही नव्हता. मी ज्या पद्धतीने ते धूत होते, त्या धुण्यातूनच बेझलखाली चिकटा तयार होत होता.

आमची सांगलीत हळद कांडपाची लहान गिरणी आहे. सांगलीच्या हळदीचे नाव देशभर आहे आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण हळकुंड दळले जात असताना त्याची पूड किती बारीक होऊन हवेत तरंगते, हे गिरणीत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दाराच्या चौकटीवर, वह्यांच्या कडांवर, वजनकाट्याच्या बटणांच्या फटीत संध्याकाळपर्यंत पिवळी साय धरलेली असते. माझे घड्याळ दिवसाचे नऊ-दहा तास याच हवेत असते. ते घेतले होते मालवणला स्कूबासाठी जायचे ठरले तेव्हा: २०० मीटरची खूण, पेचाने आवळली जाणारी चावी (वेळ लावायची बाजूची कळ), ॲल्युमिनियमची काळी चकती बसवलेली बेझल, स्टीलची चेन. समुद्रासाठी घेतलेले घड्याळ गिरणीतही उत्तम चालले, कारण घट्ट बंद केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या स्टीलच्या डबीत, हळद शिरत नाही. केसच्या बाहेर मात्र बेझल, चेन आणि बक्कल हे तीन भाग उघडेच असतात आणि माझ्या साऱ्या तक्रारी तिथल्याच होत्या.

आधी तक्रार नेमकी कोणती ते पाहावे

पाण्याला हात लावण्याआधी बेझल एक पूर्ण फेरा हळू फिरवून पाहावी, आणि पंखा बंद करून शांत खोलीत फिरवावी, कारण बोटांना जे कळत नाही ते कानाला कळते. बहुतेक डायव्ह घड्याळांच्या बेझलला एका फेऱ्यात १२० किंवा ६० खटके असतात. स्वच्छ बेझलचा खटका कोरडा आणि तुटक वाजतो; चिकटा भरलेल्या बेझलचा खटका दबलेला, ओल्या लाकडावर नख मारल्यासारखा येतो. फेऱ्यातल्या एकाच ठिकाणी ती अडत असेल, तर तिथे वाळूचा किंवा तत्सम कठीण कण बसलेला असतो. साऱ्या फेऱ्यात सारखीच जड असेल, तर खोबणीत चिकटा भरलेला असतो. खटकाच लागत नसेल आणि बेझल दोन्ही बाजूंना सैल फिरत असेल, तर आतली स्प्रिंग किंवा तिचा दात गेलेला असतो, आणि तो धुण्याचा विषयच नव्हे. ते काम घड्याळदुरुस्ती करणाऱ्याचे आहे.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते. डायव्ह घड्याळाची बेझल मुद्दामच एका दिशेने, काट्यांच्या उलट दिशेने, फिरेल अशी केलेली असते. पाण्याखाली धक्का लागून ती सरकलीच, तर पाणबुड्याच्या टाकीतल्या हवेचा उरलेला वेळ प्रत्यक्षाहून कमी दिसावा, जास्त दिसू नये, ही त्यामागची योजना आहे. अडकलेली बेझल ‘सोडवण्यासाठी’ तिला काट्यांच्या दिशेने जोर लावला, तर पातळ पत्र्याच्या स्प्रिंगचा दात वाकतो आणि साध्या मळाच्या तक्रारीची मोडतोड होऊन बसते.

काचेच्या आतल्या बाजूला धुके किंवा पाण्याचे बारीक थेंब दिसत असतील, तर पुढचे काहीही करू नये. ते घड्याळ धुवायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही, तांदळाच्या डब्यात पुरायचे नाही. आत पाणी गेलेले आहे आणि प्रत्येक दिवसागणिक आतल्या चाकांवर गंज चढतो, म्हणून त्याच दिवशी ते दुकानात उघडून घ्यावे.

आता तांबड्या पाण्याबद्दल. बेझलखालून तांबूस-तपकिरी पाणी निघाले की कोणालाही गंजाचीच भीती वाटते, मलाही वाटली. घड्याळ घेऊन मी मिरजेला एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी पातळ पात्याने बेझल उचलली, भिंग डोळ्याला लावून पाहिले आणि मग भिंग माझ्या हातात दिले. खोबणीत विटेच्या रंगाची एक सलग, घट्ट बसलेली लगदी होती, आणि तिच्यावर जागोजागी पांढरट खपली धरली होती, गिझरच्या कॉईलवर धरते तशी. काका म्हणाले, “ताई, हा गंज वाटतोय खरा, पण खाली स्टील बघा, कसं लखलखतंय. गंज असता तर धातू खाल्लेला दिसला असता.” त्यांनी कोरून काढलेला थोडा लगदा मी कागदाच्या पुडीत घरी आणला, पांढऱ्या बशीत ठेवला आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले. लालसर रंग डोळ्यांदेखत पिवळा झाला. रोज जी हळद हाताळते तीच ती होती, आणि दीड वर्ष मी तिला गंज समजत होते.

आपल्याकडे हे कोणाला नवीन नाही. हळदीत चुना पडला की लाल कुंकू होते, हळदीच्या डागावर साबणाची वडी घासली की डाग लालभडक होतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. हळदीतल्या कुरकुमिन या रंगद्रव्याचा तो गुणधर्म आहे: आम्लात ते पिवळे राहते आणि अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात तांबडे होते. अंगाच्या साबणाची वडी अल्कधर्मी असते. मी दर रविवारी तीच वडी ब्रशवर घासून घड्याळ धूत होते, म्हणून पाणी तांबडे येत होते. खऱ्या गंजाच्या डागावर लिंबू पिळले तर तो असा एका क्षणात हळदीचा पिवळा रंग धारण करत नाही. त्यामुळे ज्यांना शंका असेल त्यांनी ब्रशवरचा थोडा लगदा बशीत घेऊन हीच परीक्षा करावी. लिंबू मात्र बशीतल्या लगद्यावरच पिळावे, घड्याळावर पिळू नये.

चिकटा परत परत का येतो

हळदीची पूड कोरडी असती, तर ब्रशच्या एका फटकाऱ्यात निघून गेली असती. तिला धरून ठेवणाऱ्या तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे घाम आणि त्वचेचे तेल, ज्यांत ती सहज कालवली जाते. दुसरी म्हणजे आमच्या बोअरचे जड पाणी. तिसरी, आणि माझ्या मते खरी दोषी, म्हणजे त्या जड पाण्यात वापरलेली साबणाची वडी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. वडीचा साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा, चिकट, पांढरट साका तयार करतो. बादलीच्या कडेला अंघोळीनंतर जो मेणचट थर राहतो, तोच हा. बादलीचा थर आपण काथ्याने खरवडून काढतो, पण बेझलच्या खालच्या फटीत नख जात नाही, काथ्या जात नाही, आणि वरवर नळाखाली धरलेले पाणीही पुरेसे पोहोचत नाही. मी वरून घासत होते, फेस आत ढकलत होते, अर्धवट विसळत होते आणि टॉवेलने पुसून लगेच मनगटावर चढवत होते. आत राहिलेला साका, त्यावर वाळलेले क्षार आणि सोमवारी त्यावर बसलेली ताजी हळद, अशी दर आठवड्याला एकेक पुटे चढत होती.

हे कळल्यावर एक जुने कोडेही सुटले. जितके जास्त घासावे तितकी बेझल लवकर का अडकते, तर जितका फेस जास्त, तितका साका जास्त. स्वच्छतेचे खरे काम घासण्यात नसून विसळण्यात आणि वाळवण्यात आहे, हे मला तेव्हा नीट उमगले, आणि पुढे जे सांगते आहे त्यातला मोठा भाग त्याच दोन गोष्टींबद्दल आहे.

ज्यांच्याकडे हळद नाही, त्यांच्याकडे दुसरे काही असेल. सिमेंट, पीठ, उसाच्या रसाचे शिंतोडे, बेदाण्याच्या शेडवरची धूळ: चिकटा बनण्याची रीत तीच असते.

‘स्टेनलेस’ या शब्दावरही फार विसंबू नये. डायव्ह घड्याळे बहुधा ३१६ एल प्रकारच्या स्टीलची असतात. त्यात सोळा ते अठरा टक्के क्रोमियम असते आणि त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साईडचा अतिशय पातळ थर तयार होऊन तो स्टीलचे रक्षण करतो. सोबत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, जे मिठापासूनचे संरक्षण वाढवते. पण हा थर शाबूत राहायला हवा लागते. मळाखाली हवा पोहोचत नाही आणि घामातले मीठ मात्र तिथेच साचून राहते, त्यामुळे फटींमध्ये, पिनांच्या भोकांत आणि मागच्या झाकणाच्या कडेला बारीक खड्डे पडू शकतात. मळ काढणे हे केवळ चकचकीतपणासाठी नसते, ते यासाठी असते.

धुण्यापूर्वी

चावी तपासणे हे पहिले काम. पेचाची चावी असेल तर ती आत दाबून, काट्याच्या दिशेने, पुरेशी आवळलेली आहे ना हे बोटाने पाहावे. अडेपर्यंत आवळावी, पण पकडीने किंवा दातओठ खाऊन आवळू नये, कारण पेचाचे आटे झिजतात. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेले घड्याळ, असेल तर पाण्यात असताना त्याची बटणे दाबू नयेत.

डायलवर २०० मीटर लिहिले आहे म्हणून घड्याळ आजही तितके पाणी अडवते असे समजू नये. डायव्ह घड्याळांसाठीचे आयएसओ ६४२५ हे मानक किमान १०० मीटरची क्षमता मागते आणि लिहिलेल्या खोलीपेक्षा पंचवीस टक्के जास्त दाबाची चाचणी सांगते, पण ती चाचणी घड्याळ नवे असतानाची असते. पाणी अडवण्याचे काम रबरी वॉशर करतात, आणि रबर वयोमानाने कडक होते, चपटे होते, चिरते. घड्याळाला बरीच वर्षे झाली असतील आणि वॉशर कधीच बदलले नसतील, किंवा सेल बदलण्यासाठी मागचे झाकण रस्त्यावरच्या दुकानात उघडून दाब न तपासता बसवले असेल, तर असे घड्याळ पाण्यात बुडवू नये. त्याची चेन काढून तेवढीच धुवावी आणि केस ओल्या फडक्याने पुसावी. दाबाची कोरडी चाचणी करणारे यंत्र आता सांगली, साताऱ्यासारख्या शहरांतल्या चांगल्या घड्याळदुरुस्तीवाल्याकडे आहे का, हे विचारून पाहावे. दरवर्षी एकदा ती करून घेतलेली बरी.

पाणी कोमट असावे. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला लावले असता गरमही लागू नये आणि गारही लागू नये इतपत. गिझरचे कढत पाणी अजिबात नको: उष्णतेने स्टील, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, बंदिस्तपणा ढिला पडतो, आणि गरम घड्याळ लगेच गार पाण्याखाली धरले तर आतली हवा आकुंचन पावून बाहेरचा ओलावा आत खेचते. याच कारणाने गरम पाण्याच्या अंघोळीच्या वेळी घड्याळ हातात ठेवणे मी सोडले आहे.

धुणे

चेन काढता येत असेल तर काढावी. चेन केसला स्प्रिंग पिनांनी जोडलेली असते आणि त्यांसाठी दुपाखी टोकाचे लहान हत्यार थोड्या पैशांत मिळते. पिन उडून जाते, म्हणून हे काम मोठ्या थाळीत किंवा पंचावर करावे. स्टीलवर ओरखडे उठू नयेत यासाठी केसच्या शिंगांना, म्हणजे चेन जिथे अडकते त्या टोकांना, आतून कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. ज्यांना सवय नाही त्यांनी चेन लावलेलीच ठेवली तरी चालते, फक्त विसळायला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

एका भांड्यात कोमट पाणी घ्यावे आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकावेत. वडीचा साबण का नको, ते वर सांगितलेच. हे लिक्विड जड पाण्यातही साका धरत नाही आणि त्वचेचे तेल सोडवते. दोनच थेंब पुरतात, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण आपला हात सैल असतो. केस त्या पाण्यात पाच मिनिटे नुसती ठेवावी, मग बेझल पाण्यातच काट्यांच्या उलट दिशेने फिरवत राहावी, दहा-पंधरा फेरे. पहिल्या वेळी माझ्या भांड्यात बेझलच्या कडेने पिवळा धूर पसरावा तशी हळद बाहेर येताना दिसली. काहीही न घासता, नुसत्या फिरवण्याने. बेझल स्वतःच पाणी आत ओढते आणि मळ बाहेर टाकते, आणि दीड वर्ष मी तिला स्थिर धरून वरून ब्रश मारत होते.

त्यानंतर लहान मुलांचा मऊ टूथब्रश घेऊन बेझलच्या कडेच्या खाचांमधून, काचेच्या काठाने आणि चावीच्या भोवती तो फिरवावा. ब्रश आडवा न धरता किंचित तिरपा धरावा, म्हणजे त्याच्या तंतूंची टोके बेझलच्या खालच्या फटीकडे वळतात. फटीत वाळलेला चिकटा असेल, तर जाड शिलाईचा दोरा पाण्यात भिजवून बेझल आणि केस यांच्यामधल्या फटीत अडकवावा आणि दोऱ्याने दातांच्या फटी साफ करतात तसा मागेपुढे ओढावा. सुई, टाचणी, ब्लेड किंवा सुरीचे टोक वापरू नये. बेझल घरी उचकटून काढण्याचा मोह तर अजिबात होऊ देऊ नये. तिच्याखालची स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती हे नंतर आठवत नाही आणि वरची चकती वाकते किंवा, सिरॅमिकची असेल तर, तडकते.

मग विसळणे, ज्यात मी सर्वांत कमी पडत होते. साबणाचे पाणी फेकून स्वच्छ कोमट पाणी घ्यावे आणि पुन्हा बेझलचे दहा-पंधरा फेरे द्यावेत. ते पाणीही फेकावे आणि पुन्हा घ्यावे. तिसऱ्या पाण्याला बोटाने ढवळून फेस येत नसेल तर पुढे जावे, येत असेल तर चौथे पाणी घ्यावे. शेवटचे पाणी मात्र बोअरचे किंवा नळाचे न घेता पिण्याच्या आरओ फिल्टरचे घ्यावे, वाटीभर पुरते. त्यात क्षार फार कमी असल्यामुळे फटीत राहिलेला थेंब वाळला तरी मागे खपली ठेवत नाही. पावसाळ्यात गच्चीवर भांडे ठेवून धरलेले पावसाचे पाणीही मी वापरले आहे. पहिल्या पावसाचे नव्हे, दोन-चार सरी होऊन पत्रे धुऊन निघाल्यावरचे.

वाळवताना घड्याळ आधी जुन्या मऊ सुती कापडाने टिपावे. मग कॅमेऱ्याची भिंग साफ करण्यासाठी जो रबरी फुगा मिळतो, त्याने बेझलच्या फटीत चहूबाजूंनी हवा मारावी आणि मधूनमधून बेझल फिरवावी. प्रत्येक फेऱ्यानंतर फटीतून नवा थेंब बाहेर येतो, तो टिपावा, पुन्हा फिरवावी. थेंब येणे थांबेपर्यंत हे करावे. मला साधारण दहा मिनिटे लागतात. डोक्याचे केस वाळवायचे गरम हवेचे यंत्र वापरू नये. त्यानंतर घड्याळ काच वर करून पंख्याच्या हवेत रात्रभर ठेवावे आणि सकाळीच घालावे. ओले घड्याळ घालून गिरणीत जाणे म्हणजे बेझलखाली हळदीची कणीक मळणे.

चेन आणि बक्कल

चेनसाठी घासण्यापेक्षा हलवणे अधिक उपयोगी पडते. झाकण घट्ट लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या बरणीत कोमट पाणी आणि लिक्विडचे दोन-तीन थेंब घेऊन, सुटी केलेली चेन त्यात वीस मिनिटे भिजू द्यावी आणि मग ताक घुसळावे तशी बरणी दोन मिनिटे हलवावी. पाण्याला जो काळपट-राखाडी रंग येतो तो मेलेल्या त्वचेचा, तेलाचा आणि कड्या एकमेकींवर घासून निघालेल्या धातूच्या अतिबारीक कणांचा असतो. मनगटावरची काळी रेघ त्याचीच. वास येत असेल तर तो बहुधा बक्कलच्या आतल्या घडीतून येतो, म्हणून बक्कल उघडी ठेवून तिच्या स्प्रिंगा आणि कोपरे ब्रशने वेगळे घासावेत. विसळणे वर सांगितल्याप्रमाणे तीन पाण्यांत, शेवटचे आरओचे. ज्या चेनच्या कड्या स्क्रूने जोडलेल्या असतात, त्यांचे स्क्रू धुतल्यावर एकदा तपासावेत. कोमट पाणी आणि हलवणे यांनी ते क्वचित सैल होतात.

कड्यांच्या फटींत पांढरी खपली दिसत असेल, तर सुटी चेन पाच मिनिटे निम्म्या पाण्यात निम्मे पांढरे व्हिनेगर मिसळून ठेवता येते, मात्र त्यानंतर भरपूर पाण्याने धुवावी. केस कधीही त्यात ठेवू नये.

पिनांवर नारिंगी ठिपके दिसले तर घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. पिनांचे स्टील बहुधा केसपेक्षा हलक्या प्रतीचे असते आणि आधी गंजते. पिन स्वस्तात मिळते. गंजलेली पिन घासत बसण्यापेक्षा जोडी बदलून टाकावी, कारण पोहताना पिन तुटली तर सारे घड्याळ पाण्याच्या तळाशी जाते.

जे करून पाहिले आणि जे करू नये

बेझल जड झाली तेव्हा सुरुवातीला मी शिलाई मशीनचे तेल तिच्या कडेने सोडले होते. दोन दिवस ती लोण्यासारखी फिरली आणि तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट अडकली, कारण कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण तेलात सहज विरघळते, आणि तेलाने हवेतली सारी पूड धरून ठेवली. गंज सोडवण्यासाठी फवारायचे तेलही बेझलवर मारू नये. त्यातली द्रावके रबरी वॉशरला घातक ठरू शकतात. बेझलच्या वॉशरला वंगण लागतेच, पण ते सिलिकॉन ग्रीस असते आणि अगदी थोडेसे लावायचे असते, तेही बेझल काढल्यावर. ते दुरुस्तीवाल्यावर सोपवावे.

तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, रांगोळीने किंवा राखेने घासून चकचकीत करण्याची आपली जुनी सवय इथे आड येते. रांगोळी, राख, दंतमंजन आणि टूथपेस्ट यांत घासणारे कण असतात, आणि स्टीलवरच्या सरळ रेघांच्या मंद झळाळीवर ते आडवेतिडवे ओरखडे उठवतात. हिरवी घासणीही तशीच. कपड्यांचे ब्लीच सर्वांत वाईट. त्यातले क्लोरीनचे संयुग नेमके त्या रक्षक थरावरच हल्ला करते. लिंबू आणि चिंच ॲल्युमिनियमच्या रंगीत चकतीवर लावू नयेत, तिचा रंग उडतो, आणि हळदीचा तांबडा डाग लिंबाने पिवळा झाला म्हणजे तो निघाला असे होत नाही. रंग बदलतो, हळद तिथेच असते.

बेझलच्या शून्यावर रात्री चमकणारा जो पांढरा ठिपका असतो, तो माझ्या घड्याळावर पिवळट झाला होता. घासून तो गेला नाही. पण कुरकुमिन उजेडात फिके पडते, म्हणूनच हळदीचा डाग पडलेले पांढरे कापड आपण उन्हात वाळत घालतो. घड्याळ कडक उन्हात ठेवायचे नसल्यामुळे मी ते सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात अर्धा-अर्धा तास, पंधरा दिवस, खिडकीत ठेवले आणि ठिपका पुष्कळ उजळला. रबरी किंवा सिलिकॉनच्या पांढऱ्या पट्ट्यात मुरलेली हळद मात्र पूर्ण निघत नाही. गिरणीत काम असेल तर काळा पट्टा घ्यावा.

समुद्रातून आल्यावर हे सारे त्याच दिवशी करावे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते आणि ते बेझलखाली वाळून खडा झाले की स्प्रिंगचे दात अडतात. मालवणच्या मुक्कामी लॉजच्या बादलीत गोड्या पाण्यात घड्याळ बुडवून बेझलचे वीस फेरे दिले तरी पुष्कळ काम होते. बाकीचे घरी आल्यावर. जेजुरीला, किंवा कऱ्हाड तालुक्यातल्या पालच्या खंडोबाला ज्यांनी भंडाऱ्यात उभे राहून दर्शन घेतले आहे, त्यांनीही घड्याळ पाण्याला लावण्याआधी कोरड्या ब्रशने आणि रबरी फुग्याने भंडारा झटकून घ्यावा. कोरडी हळद झटकल्याने जाते; ओली झाली की बसते.

राहता राहिली एक परीक्षा, जी मी आता दर पंधरवड्याला करते. बेझल पूर्ण स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण ज्या साबणाच्या वडीने मला दीड वर्ष फसवले तीच इथे कामी येते. पांढऱ्या सुती कापडाचा कोपरा ओला करून वडीवर घासावा, तो बेझलच्या फटीत नखाने हलकेच दाबून पूर्ण फेरा फिरवावा आणि कापड उजेडात पाहावे. हळदीचा कणभरही अंश उरला असेल तर कापडावर तांबूस रेघ उमटते, आणि मग पुन्हा एकदा लिक्विडचे पाणी, बेझलचे फेरे आणि तीन वेळा विसळणे. रेघ उमटली नाही, तरी परीक्षेचा साबण आत राहू नये म्हणून आरओच्या पाण्यात दहा फेरे द्यावेत आणि रात्रभर वाळवावे. पहिल्या खेपेला माझ्या कापडावर चांगली ठसठशीत रेघ आली होती, दुसऱ्या खेपेला तिचे तुटक ठिपके झाले, आणि तिसऱ्या खेपेपासून आजपर्यंत, हळदीचा सारा हंगाम जाऊन सहा महिने झाले तरी, कापड पांढरेच निघते आहे.